समुद्रावरील काफिले

घाटावरून कोंकणांत धान्य उतरविणारे आणि परततांना मीठ वर नेणारे लमाण आपला बैल कधीं एकटा रानांत सोडीत नसत. शेंकडों बैलांचा तांडा एकत्र चाले, पुढेंमागें हत्यारबंद माणसें असत, आणि अशा तांड्यावर हात टाकण्याचें धाडस वाटमाऱ्यांस सहसा होत नसे. समुद्रावरही ही रीत फार जुनी आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत गोव्याचे पोर्तुगीज खंबायतेकडे आणि कानडा किनाऱ्याकडे जाणाऱ्या व्यापारी गलबतांचे समूह लढाऊ नावांच्या पहाऱ्यांत नेत. त्यांस ते 'काफिला' असेंच म्हणत. हा शब्द मूळचा अरबी. पुढें आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा वाढला, तेव्हां मुंबईच्या इंग्रज कंपनीलाही आपलीं व्यापारी गलबतें लढाऊ जहाजांच्या सोबतीनें पाठवावीं लागत. फ्रान्सशीं युद्ध चालू असतां ब्रिटिश पार्लमेंटनें १७९८ सालीं कायदा करून, कांहीं अपवाद वगळतां, परदेशीं जाणाऱ्या व्यापारी जहाजांस काफिला सोडून एकट्यानें जाण्याची मनाईच केली.

असें असूनही ज्या राष्ट्राच्या आरमारानें ही रीत पिढ्यान् पिढ्या पाळली, त्याच राष्ट्राच्या नौखात्यानें, म्हणजे ॲडमिरल्टीनें, १९१४ सालीं सुरू झालेल्या पहिल्या महायुद्धांत पावणेतीन वर्षें ती समुद्रपार व्यापारास लागू करण्याचें नाकारलें. त्या नकारापायीं ब्रिटन उपासमारीच्या उंबरठ्याशीं येऊन उभें राहिलें. हा हट्ट मूर्खांचा नव्हता. तो जाणत्या, अनुभवी आणि प्रामाणिक अधिकाऱ्यांचा होता. म्हणूनच तो कसा उपजला, कसा टिकला आणि शेवटीं कशानें सुटला, हें समजून घेण्यासारखें आहे.

ब्रिटन हें बेट आहे, ही गोष्ट शाळेंतील मूलही सांगेल. परंतु तिचा अर्थ युद्धांतच कळतो. युद्धापूर्वीं त्या देशांत लागणाऱ्या गव्हांपैकीं सुमारें चार पंचमांश गहूं बाहेरून येत असे. तो अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि हिंदुस्थान येथून येई. कापूस, तेल, लोकर, खनिजें व इमारती लांकूड यांचीही तीच स्थिति होती. शत्रूचें सैन्य बेटावर उतरलें नाहीं तरी चालेल. जहाजें येण्याचीं थांबलीं, कीं कारखाने बंद पडणार आणि घरांतील चूल विझणार, हें जर्मन नौसेनापति पूर्णपणें जाणून होते. जर्मन नौदलाचे प्रमुख ॲडमिरल होल्त्सेनडॉर्फ यांनीं डिसेंबर १९१६ मध्यें एक हिशेब मांडला. पाणबुड्यांनीं महिन्यास सहा लाख टनांचीं जहाजें सतत पांच महिने बुडविलीं, तर ब्रिटन शरण येईल, असा तो हिशेब होता. येथें टन हें वजनाचें माप नव्हे. जहाजाच्या पोटांतील १०० घनफूट जागा म्हणजे एक टन, अशी ती मोजणी असते. या हिशेबावर विसंबून १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीनें ठरविलेल्या समुद्रांत दिसेल तें जहाज, मग तें तटस्थ राष्ट्राचें कां असेना, पूर्वसूचना न देतां बुडविण्यास आरंभ केला.

पहिले तीन महिने हा हिशेब खरा ठरतो कीं काय, अशी धास्ती वाटूं लागली. फेब्रुवारींत सुमारें ५ लाख ४० हजार टन, मार्चमध्यें सहा लाखांच्या आसपास आणि एप्रिलमध्यें सुमारें ८ लाख ८० हजार टन जहाजें जगांतून नाहींशीं झालीं. एप्रिल महिन्यांत ब्रिटिश बंदर सोडून महासागराच्या सफरीस निघालेल्या दर चार मोठ्या जहाजांपैकीं एक परत येत नव्हतें. तटस्थ राष्ट्रांचे मालक आपलीं जहाजें ब्रिटनकडे धाडण्यास कचरूं लागले. १० एप्रिल रोजीं अमेरिकेचे रिअर ॲडमिरल सिम्स लंडनमध्यें ब्रिटिश नौदलाचे प्रमुख सर जॉन जेलिको यांस भेटले. जेलिकोंनीं त्यांच्यापुढें बुडालेल्या जहाजांचा खरा तक्ता ठेवला. वर्तमानपत्रांत छापून येत असे त्याहून तो कितीतरी भयंकर होता. हानि अशीच चालू राहिली तर युद्ध पुढें चालविणें अशक्य आहे, आणि यावर उपाय दिसत नाहीं, असें जेलिकोंनीं शांतपणें सांगितलें.

उपाय दिसत नव्हता, याचा अर्थ नौखातें स्वस्थ बसलें होतें असा मुळींच नाहीं. शेंकडों विनाशिका, सशस्त्र मच्छीमार बोटी आणि लहान गस्ती नावा रात्रंदिवस समुद्र धुंडाळीत होत्या. व्यापारी जहाजांवर तोफा बसविल्या होत्या. साध्या मालवाहू जहाजाच्या सोंगांत तोफा लपवून पाणबुडीस भुलविणारीं जहाजेंही निघालीं होतीं. या सर्वांच्या मुळाशीं एक शिकवण होती. आरमाराचें काम शत्रूस शोधून त्याचा नाश करणें हें होय. व्यापारी जहाजांच्या बाजूनें राखणदार होऊन चालणें हें बचावाचें, म्हणून कमी प्रतीचें काम होय, असें त्या पिढीच्या अधिकाऱ्यांच्या मनावर ठसलेलें होतें. वाफेच्या युगांत काफिल्याची जुनी उपयुक्तता उरली आहे काय, याविषयीं १९११ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे सर ज्युलियन कॉर्बेट यांच्यासारख्या साक्षेपी अभ्यासकासही शंकाच होती.

या शिकवणींत दोष असा, कीं समुद्र हा रस्ता नव्हे. रस्त्यावर पहारे बसविले म्हणजे वाटसरू निर्धास्त होतो. परंतु समुद्रावर गस्तीची नाव पुढें गेली कीं तिच्या मागें पाणी जसेंच्या तसें मोकळें. पाणबुडी गस्त येतांना पाही, खालीं बुडी मारी, गस्त निघून गेली कीं वर येई आणि तासाभरानें येणाऱ्या एकट्या जहाजाची वाट पाहत राही. ज्या वाटेवर गस्त अधिक, त्या वाटेनें व्यापार अधिक, एवढें ज्ञान तिला फुकट मिळे. राखावयाचें होतें तें पाणी नव्हे, जहाज. ही साधी गोष्ट 'सागरी मार्गांचें संरक्षण' या भारदस्त शब्दांखालीं झांकली गेली होती.

काफिल्याविरुद्ध नौखात्याचे आक्षेप मात्र पोकळ नव्हते. पहिला आक्षेप असा, कीं अनेक जहाजें एकत्र नेलीं तर पाणबुडीस एकाऐवजीं वीस लक्ष्यें एकदम सांपडतील. जानेवारी १९१७ च्या एका सरकारी पत्रकांत हेंच मत स्पष्ट नमूद केलें होतें. दुसरा असा, कीं काफिल्यास सर्वांत मंद जहाजाच्या वेगानें जावें लागेल. तिसरा, एकदम वीस जहाजें बंदरांत आलीं तर माल उतरविणारे मजूर व धक्के अपुरे पडतील, आणि एरवीं तेच रिकामे राहतील. चौथा, व्यापारी कप्तानांस दिवे मालवून, काळोखांत, ठराविक अंतर राखून चालण्याची संवय नाहीं. तीं जहाजें एकमेकांवर आदळतील. २३ फेब्रुवारी रोजीं जेलिकोंनीं कांहीं व्यापारी कप्तानांस बोलावून त्यांचेंच मत विचारलें, तेव्हां त्यांनींही आपण एकटेच जाणें पसंत करूं असें सांगितलें. पांचवा आक्षेप सर्वांत बळकट होता. रक्षणास लागणाऱ्या विनाशिका आणावयाच्या कोठून? त्यांतील पुष्कळशा मुख्य आरमाराच्या दिमतीस अडकलेल्या होत्या.

या पांचव्या आक्षेपाची सारी मदार एका आंकड्यावर होती. दर आठवड्यास ब्रिटिश बंदरांत सुमारें २,५०० जहाजें येतात आणि तितकींच जातात, असा तक्ता सरकार प्रसिद्ध करीत असे. तटस्थांस धीर यावा आणि शत्रूस आपल्या यशाचें प्रमाण क्षुल्लक भासावें, हा त्या प्रसिद्धीचा हेतु होता. म्हणून त्यांत १०० टनांवरील प्रत्येक नाव धरली जाई. किनाऱ्याकिनाऱ्यानें कोळसा नेणारी लहानशी बोट एकाच आठवड्यांत चार बंदरांस लागली, तर ती चार वेळां मोजली जाई. शत्रूस फसविण्यासाठीं रचलेल्या या आंकड्यानें प्रत्यक्षांत स्वतःच्याच नौखात्यास फसविलें. आठवड्यास पांच हजार ये-जा, म्हणजे दिवसास सातशें. इतक्या जहाजांस सोबत देणें कोणत्याही आरमारास शक्य नाहीं, असें म्हणून विषय मिटविला जात असे.

नौखात्यांतील कमांडर रेजिनल्ड हेन्डर्सन या तरुण अधिकाऱ्यानें हा आंकडा निराळ्या रीतीनें पारखला. नवीन स्थापन झालेल्या जहाजमंत्रालयांतील नॉर्मन लेस्ली यांच्या साहाय्यानें त्यानें फक्त एवढेंच मोजलें, कीं महासागर ओलांडून ब्रिटनचें अन्न व कच्चा माल आणणारीं मोठीं जहाजें नेमकीं किती. उत्तर आलें तें असें, कीं आठवड्यास येणारीं सुमारें १२० ते १४०, आणि जाणारींही जवळजवळ तितकींच. म्हणजे दिवसास एका दिशेनें सुमारें वीस जहाजें. ज्यांच्यावर राष्ट्राचा प्राण अवलंबून होता, तीं जहाजें सातशें नसून चाळिसांच्या आसपास होतीं! जें काम अशक्य वाटत होतें, तें एका कागदावर शक्यतेच्या कोटींत आलें.

नवलाची गोष्ट ही, कीं काफिल्याचे पुरावे नौखात्याच्या डोळ्यांपुढेंच वावरत होते. १९१४ च्या पावसाळ्याअखेर हिंदी फौजा मुंबई व कराचीहून फ्रान्सकडे निघाल्या, त्या लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यांतच गेल्या; 'एम्डेन' या जर्मन क्रूझरचा संचार बंगालच्या उपसागरांत चालू असतां त्यांस एकट्यानें सोडण्याचें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. मुख्य आरमार तर स्वतः विनाशिकांचें कडें केल्यावांचून बंदराबाहेर पडत नसे. शिवाय इंग्लंडहून फ्रान्सला जाणाऱ्या कोळशाचें उदाहरण होतेंच. फ्रान्सच्या उत्तरेकडील खाणी जर्मनांच्या हातीं पडल्यामुळें फ्रेंच कारखाने इंग्लिश कोळशावर चालत होते. फ्रेंचांच्या आग्रहामुळें फेब्रुवारी १९१७ पासून कोळशाचीं जहाजें समूहानें, सशस्त्र बोटींच्या सोबतीनें धाडण्यांत येऊं लागलीं. 'काफिला' हा शब्द टाळून या सफरींस 'नियंत्रित सफरी' असें नांव दिलें गेलें. पुढील कांहीं महिन्यांत त्यांतील हानि हजारीं दोन-तीन जहाजांपलीकडे गेली नाहीं.

पाणबुडीविरोधी विभागाचे प्रमुख ॲडमिरल डफ यांनीं २६ एप्रिल रोजीं काफिल्यांची शिफारस करणारें टिपण लिहिलें आणि दुसऱ्याच दिवशीं जेलिकोंनीं त्यास संमति दिली. ३० एप्रिल रोजीं मुख्य प्रधान लॉइड जॉर्ज स्वतः नौखात्यांत गेले. आपण जाऊन अधिकाऱ्यांस भाग पाडलें म्हणून हा निर्णय झाला, असें त्यांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहिलें. पुष्कळ इतिहासकारांस तें मान्य नाहीं, कारण तारखा उलट बोलतात. मात्र प्रधानांची भेट ठरली आहे या वार्तेचा कांहींच परिणाम झाला नसेल, असेंही म्हणवत नाहीं. याच महिन्यांत अमेरिका युद्धांत उतरली होती; त्यामुळें अधिक विनाशिका मिळण्याची आशा उत्पन्न झाली आणि अमेरिकन बंदरांत जहाजें जमविण्याचीही मोकळीक मिळाली.

१० मे १९१७ रोजीं जिब्राल्टरहून सोळा-सतरा जहाजांचा पहिला काफिला निघाला आणि एकही जहाज न गमावतां इंग्लंडला पोंचला. दोन आठवड्यांनीं अमेरिकेच्या हॅम्प्टन रोड्स बंदरांतून बारा जहाजें निघालीं. त्यांतील दोन मंद जहाजें मागें पडलीं. जें एक बुडालें, तें या मागें पडलेल्यांपैकींच होतें. उरलेलीं दहा सुखरूप पोंचलीं. ज्या कप्तानांनीं आपणांस जमणार नाहीं म्हणून सांगितलें होतें, त्यांच्याच व्यवसायबंधूंनीं रांगा धरून जहाजें हांकण्याचें काम उत्तम रीतीनें पार पाडलें.

काफिल्याची मांडणी कशी असे, हें पाहिल्यावांचून त्याचें यश समजत नाहीं. जहाजें एकामागें एक अशा लांब रांगेंत जात नसत. चारपांच जहाजांच्या आंखूड रांगा एकमेकींच्या शेजारीं ठेवून रुंद पण आंखूड चौकोन केला जाई. कारण पाणबुडीचा पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, बहुधा बाजूनें येतो, आणि ती बाजू जितकी आंखूड तितकें बरें. साऱ्या महासागरभर विनाशिकांची जरुरी नव्हती. भर समुद्रांत एखादी क्रूझर सोबतीस पुरे; धोक्याच्या पट्ट्याच्या तोंडाशीं विनाशिका येऊन मिळत आणि शेवटचे तीनचारशें मैल कडें करून चालत. लंडनमध्यें मोठ्या नकाशावर प्रत्येक काफिल्याची जागा रोज नोंदली जाई. जर्मन पाणबुड्या बिनतारी संदेश पाठवीत, ते पकडून त्यांचा ठिकाणा काढण्याची विद्या नौखात्यास साधली होती; त्यामुळें एका संदेशासरशीं वीस जहाजांची वाट बदलतां येई. विखुरलेल्या वीस कप्तानांस असा इशारा वेळेवर पोंचविणें जवळजवळ अशक्य होतें.

आतां पहिल्या आक्षेपाकडे वळूं. वीस जहाजें एकत्र आलीं म्हणजे धोका वीसपट वाढतो, हें दिसावयास खरें वाटतें. परंतु पाणबुडीची पहिली अडचण नेम धरण्याची नसून जहाज सांपडण्याची असते. पाण्यालगत असलेल्या तिच्या टेहळ्यास एकट्या जहाजाचा धूर सुमारें दहा मैलांवरून दिसतो असें धरलें, तर दोन मैल रुंदीचा काफिला तिला फार तर अकरा मैलांवरून दिसेल. वीस जहाजें निरनिराळीं गेलीं, तर समुद्रावर दहा मैल त्रिज्येचीं वीस वर्तुळें झालीं. एकत्र गेलीं, तर अकरा मैल त्रिज्येचें एकच. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर दिसून येण्याची शक्यता सोळापटींहून अधिक घटते. पाणबुड्यांच्या कप्तानांस हा अनुभव लवकरच आला. पूर्वीं रोज एखादें जहाज भेटणारा समुद्र एकाएकीं ओसाड झाला. आणि काफिला भेटलाच, तर एकदोन पाणतीर सोडतांच विनाशिका अंगावर येत, त्यामुळें पुढील हल्ला करण्यापूर्वीं काफिला दूर निघून जाई.

येथेंच त्या जुन्या शिकवणीचें कोडेंही सुटलें. ज्या शत्रूस गस्ती नावा महिनोगणती शोधून सांपडत नव्हत्या, तो आतां आपल्या पायांनीं विनाशिकांपुढें येऊं लागला. काफिल्यावर हल्ला करावयाचा तर त्याच्याजवळ जाणें प्राप्त, आणि जवळ गेलें कीं पाण्यांत फुटणारे बॉम्ब डोक्यावर पडणार. बचाव म्हणून हिणविलेली रीतच शत्रूस गांठण्याची खात्रीची रीत ठरली.

१९१७ च्या अखेरीस महिन्याची हानि एप्रिलच्या निम्म्याखालीं आली. पाणबुड्या किनाऱ्याजवळ एकट्या फिरणाऱ्या जहाजांकडे वळल्या, म्हणून १९१८ मध्यें किनाऱ्यावरही काफिले सुरू झाले. युद्धाच्या अखेरपर्यंत महासागरी काफिल्यांतून हजारों जहाजांनीं ये-जा केली, आणि त्यांतील हानि शेंकडा एकाहूनही कमी राहिली. किंमत द्यावी लागली नाहीं असें नाहीं. जहाजें जमेपर्यंत दिवस फुकट जात, वेगवान जहाजांस रेंगाळावें लागे, बंदरांत गर्दी उसळे. पण उशीरा आलेलें जहाज आणि न आलेलें जहाज यांतील अंतर सर्वांस कळून चुकलें होतें.

हा धडा एकदां शिकून कायमचा लक्षांत राहिला, असें मात्र झालें नाहीं. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू होतांच ब्रिटननें काफिले लगेच चालू केले. तरी काफिला लहान असावा कीं मोठा, हा प्रश्न पुढें आला. मोठा काफिला धोक्याचा, ही समजूत पुन्हां डोकावत होती. पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ ब्लॅकेट आणि त्यांचे सहकारी यांनीं नोंदी तपासून दाखविलें, कीं सरासरी ३२ जहाजांच्या काफिल्यांत हानि शेंकडा अडीच, तर सरासरी ५४ जहाजांच्या काफिल्यांत शेंकडा एकाच्या किंचित् वर होती. कारण भूमितीचेंच होतें. जहाजें दुप्पट केलीं तरी काफिल्याचा घेर थोडाच वाढतो, आणि राखण करावयाची असते ती घेराची. अमेरिकेनें मात्र १९४२ च्या आरंभीं आपल्या पूर्व किनाऱ्यावर एकट्या जहाजांची वाहतूक चालू ठेवली, आणि काफिले नीट सुरू होईपर्यंत तिला फार मोठी हानि सोसावी लागली. त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं, २००८ पासून, एडनच्या आखातांत सोमाली चांच्यांचा उपद्रव वाढला, तेव्हां भारतीय नौदलानेंही व्यापारी जहाजांस गटागटानें सोबत देण्याचीच रीत अवलंबिली.

या इतिहासांत प्रधान आणि ॲडमिरल यांचीं नांवें सहज येतात; ज्यांच्या जिवावर हा उशीर बेतला, त्यांचीं येत नाहींत. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारों हिंदी खलाशी होते. रत्नागिरीकडील कोंकणी मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती, गुजराथ आणि सिल्हेटकडील माणसें हीं डेकवर, भट्टीपाशीं आणि भोजनगृहांत राबत. त्यांचें वेतन युरोपियन खलाशांच्या मानानें फारच थोडें होतें. भट्टीपाशीं काम करणाऱ्यास पाणतीर लागल्यावर शिडी गांठावयास सवडही मिळत नसे. युद्धाची झळ मुंबईच्या दारापर्यंतही आली होती. 'वुल्फ' या जर्मन जहाजानें १९१७ च्या आरंभीं मुंबईबाहेरील समुद्रांत सुरुंग पेरले, आणि २३ जून १९१७ रोजीं पी. अँड ओ. कंपनीची 'मंगोलिया' ही आगबोट त्यांपैकीं एकावर आदळून बुडाली.

मुंबईंत मशीद बंदराजवळ हिंदी खलाशांसाठीं बांधलेल्या गृहांत पहिल्या महायुद्धांत समुद्रांतच नाहींशा झालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचें स्मारक आहे. त्यांस दुसरी समाधि नाहीं. त्यांतील कितीजण काफिले लौकर सुरू झाले असते तर घरीं परतले असते, हें कोणासही सांगतां येणार नाहीं. परंतु राखावयाचें काय, आणि तें नेमकें किती, हें मोजण्यास एका सामर्थ्यवान् नौखात्यास पावणेतीन वर्षें लागलीं, आणि त्या काळाचें मोल त्या स्मारकावरील नांवांसारख्या माणसांनीं भरलें.